बाळंतपणाला शिकागोला

बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलावर मी नोकरीतली बरीच वर्षं काढली. दादरची शाखा. परदेशी निघालेली माणसं त्या टेबलाशी दोन तऱ्हेची यायची. कंपनीच्या कामाला निघालेले घाईत असत आणि त्यांना डॉलर नेहमी कमी पडत. दुसरे मुलाकडे नाहीतर मुलीकडे निघालेले आईवडील. त्यांना घाई नसे आणि त्यांचे डॉलर उरत. नुसते उरत नसत, जसेच्या तसे परत येत.

ट्रॅव्हलर्स चेकवर दोन सह्यांच्या जागा असत. एक सही चेक घेताना आमच्यासमोर करायची, दुसरी तो मोडताना. एरवी सहीची सवय नसलेल्या बायका चष्मा लावून, देवनागरीत, सावकाश पूर्ण नाव लिहीत. एकामागून एक चेक, आणि मागे लाइन खोळंबलेली. काही महिन्यांनी त्याच बाई न वापरलेलं चलन मुदतीत परत करायला येत. पाहावं तर एकाही चेकवर दुसरी सही नाही. एकीला मी विचारलंच, की मावशी, अमेरिकेत इतकं राहून काहीच घेतलं नाहीत? त्या म्हणाल्या, "अहो, बाहेर कुठे पडले मी? बाळंतपण होतं ना!"

अमेरिकेतल्या मराठी माणसांचा इतिहास सांगतात तेव्हा त्यात इंजिनियर येतात, डॉक्टर येतात, मंडळं आणि अधिवेशनं येतात. पर्यटकाचा व्हिसा घेऊन जाऊन तिथे अंघोळी घालणाऱ्या, लाडू वळणाऱ्या, रात्री पोर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या बायका त्यात येत नाहीत. आल्याच तर 'आईबाबा येऊन गेले' एवढ्या एका वाक्यात. माझं मत सरळ आहे. या बायका गेल्या नसत्या, तर तिथल्या दोन पगारांच्या मराठी घरांपैकी कितीतरी घरं एका पगारावर आली असती.

रीत तशी फार जुनी नाही. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत कायमचं राहायला जाण्यासाठी भारताच्या वाट्याला वर्षाकाठी शंभर जागा होत्या, अख्ख्या देशाला शंभर. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची ती पद्धत मोडली. शिक्षण, हातातलं कसब आणि तिथे असलेले नातेवाईक पाहून माणसं घ्यायची ठरलं. मग पवईच्या, व्हीजेटीआयच्या, ग्रँट मेडिकलच्या पोरांची रीघ लागली. जायला विमान होतं. एअर इंडियाचं बोइंग ७०७ मे १९६० पासून मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्क गाठत होतं. नव्हते ते डॉलर, आणि ते घरातच नव्हे, देशाच्या तिजोरीतही नव्हते. परदेशचं तिकीट काढायचं तरी रिझर्व्ह बँकेकडून 'पी फॉर्म' मंजूर करून आणावा लागे. खिशात आठ डॉलर घेऊन उतरल्याची गोष्ट त्या पिढीतल्या प्रत्येक घरात सांगतात. ऐकून ऐकून कंटाळा येतो, पण ती खरी आहे. मुलाला आठ डॉलर, तिथे आईला कोण पाठवणार?

माझी ताई लग्न होऊन १९७३ साली शिकागोला गेली. भाऊजी तिथे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. शहराच्या उत्तर भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली तळघरात सगळ्या इमारतीची कपडे धुण्याची यंत्रं. १९७६ च्या जानेवारीत तिला पहिला मुलगा झाला, तो आम्हाला तारेने कळला. फोनची सोय नव्हती असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या आर्वीचं उपग्रह भूकेंद्र १९७१ सालीच सुरू झालं होतं. पण कॉल नोंदवायचा, तो लागेपर्यंत फोनपाशी बसून राहायचं आणि लागला की तीन मिनिटं ओरडायचं, हे पैशाचं काम होतं. शिवाय आमच्या चाळीत फोन होता तो खालच्या डॉक्टरांकडे.

त्या बाळंतपणाला ताईपाशी आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. भाऊजींना आठवडाभर रजा मिळाली. शेजारच्या पोलिश बाईने सूप करून आणलं. ते कशाचं आहे हे ताईने विचारलं नाही आणि पोटभर प्याली. हॉस्पिटलातून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती कपड्यांची टोपली घेऊन तळघरात उतरली. आईला हे पत्रातून कळलं तेव्हा आईने दोन वेळा जेवण टाळलं.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यायचं. सातव्या महिन्यात तिला आणायचं, बाळ-बाळंतीण धड झाली की ओटी भरून पाठवायची. शिकागोहून यायचं तर तिकिटाचे पैसे, भाऊजींची आणि तिची नोकरी, आणि मूल तिथे जन्मलं तर त्याला मिळणारं नागरिकत्व, एवढं सगळं आड येई. मुलगी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरच उठून तिच्याकडे जायला लागलं. कोणी ठरवून केलं नाही. सत्तरचं दशक संपताना चलनाचे नियम सैल झाले, फॉरेन ट्रॅव्हल स्कीमखाली पाचशे डॉलर मिळू लागले, मुलं तिकडे स्थिरावली होती आणि तिकिटाचे पैसे तिकडून भरता येत होते. ते तिकडे भरले की इथल्या विमान कंपनीच्या कचेरीत तिकीट हातात पडे.

आई १९८१ साली गेली, ताईच्या दुसऱ्या वेळी. तिने तिथून धाडलेली निळी एरोग्रामं माझ्याकडे आहेत, आणि मी हे जे लिहिते आहे ते निम्मं त्यांच्या आधाराने. आईचं शिक्षण सातवी. अक्षर बारीक, आणि एरोग्रामचा कागद वाया जाऊ नये म्हणून घड्यांच्या कडेलासुद्धा लिहिलेलं.

आधी व्हिसा. अमेरिकन वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती. मुळात तो वांकानेरच्या महाराजांचा बंगला. २०११ साली वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात जाईपर्यंत मुंबईतल्या म्हाताऱ्या माणसांनी तिथल्या फूटपाथवर पहाटेपासून रांगा लावल्या. अमेरिकेचा कायदा असा, की अर्ज करणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं अधिकाऱ्याने धरून चालायचं. तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. मग पिशवीत घराच्या पावत्या, मुदतठेवींच्या पावत्या, पेन्शनची कागदपत्रं, इथे मागे राहणाऱ्या मुलाचं लग्न व्हायचंय याचे दाखले. ट्रॅव्हल एजंट पढवून ठेवत: बाळ सांभाळायला जातेय म्हणू नका, मुलीला भेटायला जातेय म्हणा. वास्तविक बाळंतपणाला आई येते म्हटलं तर अधिकाऱ्यालाही त्यात गैर काही वाटत नसे, पण भीती भीतीच असते. आईला एकच वाक्य पाठ करून दिलं होतं. तिला तो प्रश्नच विचारला नाही.

मग सामान. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, बाळगुटीची मुळं आणि ती उगाळायला सहाण. मऊसूत जुनी लुगडी फाडून केलेली दुपटी आणि लंगोट. अळीव म्हणजे बी, आणि अमेरिकेच्या कस्टमला बियाण्यांचं वावडं. म्हणून आईने सगळ्या अळिवांचे लाडूच वळून नेले. अधिकाऱ्याने डबा उघडायला लावला, हुंगला, बंद केला. पहिल्या एरोग्राममध्ये प्रवासाला तीन ओळी आहेत आणि या डब्याला नऊ.

ताईचं घर तोवर डेव्हन अॅव्हेन्यूच्या जवळ आलं होतं. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान तिथे १९७४ साली निघालेलं. आज त्या दुकानांची साखळी देशभर पसरलीय, तेव्हा एक खोली होती. तूरडाळ, हळद, हिंग मिळे. न मिळणाऱ्या जिनसांवर तिथल्या बायकांनी आधीच तोडगे काढले होते. क्रीम ऑफ व्हीटचा उपमा आणि शिरा. राइस क्रिस्पीजचा चिवडा. आंबट सावर क्रीममध्ये साखर-वेलची घोटून श्रीखंड. बिस्क्विक नावाच्या तयार पिठात दुधाची पावडर घालून गुलाबजाम. ही कृती तर पुढे इतकी पसरली की अमेरिकेतल्या भारतीय घरांचे गुलाबजाम म्हणजे तेच. आईला श्रीखंड आवडलं नाही, असं ती लिहिते. पण दुसऱ्या पत्रात ते तिने स्वतः केल्याचं लिहिलंय.

अंघोळीचं प्रकरण मात्र तिच्या मनासारखं झालं. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते आणि पायांच्या पन्हाळीत बाळ ठेवते. भिंतीला पाठ, पुढे न्हाणीची मोरी. शिकागोच्या घरात मोरी नव्हती. आई लुगड्याचा काचा मारून रिकाम्या बाथटबमध्ये उतरली, टबाच्या उतरत्या पाठीला टेकली, पाय लांब केले. नळ पायाशी, पाणी वाहून जायला भोक पायाशी, आणि दोन्ही बाजूंना टबाच्या भिंती, म्हणजे पोर निसटायची भीती नाही. खोबरेल तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरून दुसऱ्याने तांब्या. तांब्या म्हणजे मेपल सिरपचा रिकामा डबा. ही एवढी मोठी वस्तू त्या लोकांनी बाळंतघरासाठीच केली असावी आणि पुढे मोठी माणसंही तिच्यात बसायला लागली असावीत, असा आईने निष्कर्ष काढला. अजूनही तो मला पटण्यासारखा वाटतो.

धुरीचं तसं झालं नाही. न्हाऊन झाल्यावर निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून बाळाला आणि त्याच्या दुपट्याला धुरी द्यायची. निखारे आणायचे कुठून? भाऊजींनी बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी आणली. आईने तो कोळसा गॅसवर पेटवून, पाणी घातलेल्या ताटलीत वाटी ठेवून, वाटीत निखारे घेतले आणि खोलीचं दार लोटलं. छताला धुराची घंटी होती. ती वाजायला लागली ती थांबेना. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. आईला वाटलं की आपण काहीतरी सरकारी वस्तू बिघडवली. पुढे भाऊजी कामाला जाण्यापूर्वी घंटीतला सेल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवत, आणि आल्यावर परत बसवत. ही युक्ती मी पुढे किती घरांतून ऐकली! कायद्याच्या दृष्टीने ती वाईटच.

बाळगुटीवरून डॉक्टरीणबाईंशी खटका उडाला. मुळं उगाळायला हरकत नव्हती, पण मध एक वर्षाखालच्या मुलाला द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मधातून होणारी तान्ह्या मुलांची विषबाधा अमेरिकेत १९७६ साली ओळखली गेली होती, म्हणजे ज्ञान ताजं होतं. आईने मध बंद केला आणि पत्रात डॉक्टरीणबाईंना नावं ठेवली. झोपवण्याच्या बाबतीत मात्र ती हटली नाही. त्या काळी अमेरिकेतले डॉक्टर तान्ह्या मुलाला पोटावर निजवायला सांगत. आईने उताणंच निजवलं. १९९२ पासून तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सल्ला उलटा केला, झोपेतल्या अचानक मृत्यूंचा धोका पोटावर निजवल्याने वाढतो म्हणून उताणं निजवा, आणि १९९४ पासून त्याची देशभर मोहीम निघाली. पुढे माझी मुलगी तिथेच बाळंत झाली, तेव्हा तिला हॉस्पिटलातून घरी पाठवताना याच सूचनेचा छापील कागद मिळाला. आई तेव्हा नव्हती.

आता सहा महिन्यांबद्दल. सहा महिने हा आकडा आपल्या रीतीत कुठेच नाही. आपल्याकडे सव्वा महिना, फार तर तीन महिने. सहा महिने आले ते तिथल्या विमानतळावरून. उतरल्यावर पासपोर्टात एक पांढरं कार्ड टाचून मिळे, त्यावर अधिकारी कधीपर्यंत राहायचं ती तारीख मारी, आणि ती बहुतेक सहा महिन्यांनंतरची असे. एवढं लांबचं तिकीट काढलंय, तर शिक्का संपेपर्यंत राहायचं, हे आपल्या माणसांना न सांगता कळलं. मग सुनेच्या आईचे सहा महिने, ते संपले की मुलाच्या आईचे सहा महिने, अशी पाळी लागली. एक विमानाने परतते तोवर दुसरी येते. कधी कधी दोघी विहिणी आठवडाभर एकाच स्वयंपाकघरात. त्या आठवड्याचे किस्से मी लिहीत नाही. दोन्ही बाजूंची माणसं हयात आहेत.

आणि सहा महिने लागत, याचं दुसरं कारण अधिक खरं आहे. माझी मुलगी १९८० ची. मला बँकेत भरपगारी बाळंतरजा मिळाली, कारण आपल्या देशात १९६१ पासून तसा कायदा होता, बारा आठवड्यांचा. ताई एका दवाखान्यात हिशेब लिहायची. तिला त्या श्रीमंत देशात पगारी रजेचा हक्कच नव्हता. सहाव्या आठवड्यात ती कामावर गेली. तिथे १९९३ साली कायदा झाला तोही बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा, आणि तो फक्त पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. देशभर लागू असा पगारी रजेचा कायदा तिथे नाहीच. पाळणाघराचे दर ऐकून आईने ते रुपयांत करून पाहिले आणि पुन्हा केले, आकडा चुकला असेल म्हणून. ही भोकं कोणी बुजवली? पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्या सातवी शिकलेल्या बाईने. तिला पगार नव्हता, आणि पाचशे डॉलरचे चेक पेटीच्या तळाशी होते.

नव्वदच्या दशकात माझ्या टेबलासमोरची रांग बदलली. १९९० च्या कायद्याने अमेरिकेत एच-१बी हा व्हिसा आला, मागोमाग संगणकाची कामं, आणि दशक संपता संपता वाय-टू-के. ठाणे, डोंबिवली, पिंपरी, नाशिक इथल्या साध्या घरांतली मुलं जायला लागली. एस.टी.त नोकरी केलेले वडील, शाळेत शिकवलेली आई. त्यांना आमच्याकडून लागे बॅलन्स सर्टिफिकेट, व्हिसाला दाखवायला. कित्येकांच्या खात्यात महिनाभर आधी मोठी रक्कम येई आणि व्हिसा मिळाल्यावर निघून जाई. आम्ही पाहून न पाहिल्यासारखं करत असू. २००० साली परकीय चलनाचा जुना कडक कायदा, फेरा, जाऊन फेमा आला. २००४ साली कोणाही माणसाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर न्यायची मुभा मिळाली, आज ती अडीच लाखांवर आहे. ज्या टेबलाने पाचशे डॉलरसाठी पासपोर्टच्या मागच्या पानावर नोंदी केल्या, त्याला हे आकडे विनोदी वाटले असते. मी तोवर तिथे नव्हते. २००१ मध्ये व्हीआरएस घेतली.

काहींनी ग्रीन कार्डाचा रस्ता धरला. नागरिक झालेल्या मुलाने आईवडिलांसाठी अर्ज केला तर त्यांना रांगेत थांबावं लागत नाही. १९६५ च्या कायद्यानेच ती मोकळीक ठेवली. ऐंशीच्या दशकात असे बरेच गेले. १९९६ साली तिथल्या सरकारने नागरिक नसलेल्यांची मदत छाटली आणि पुढच्याच वर्षापासून आईवडिलांच्या खर्चाची हमी मुलाकडून कायद्याने पक्की लिहून घ्यायला सुरुवात झाली. आमच्या ओळखीतली बहुतेक माणसं पुन्हा सहा-सहा महिन्यांवर आली. इथला फ्लॅट, इथली पेन्शन, इथला गुडघ्यांचा डॉक्टर सोडवत नाही, हेही होतंच.

माझी पाळी २००९ साली आली. लेक शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहते. विमानतळावर मी व्हीलचेअर मागितली. गुडघे धड होते. पण व्हीलचेअरवाला माणूस इमिग्रेशनपासून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत सोडतो, कुठे काही वाचावं-विचारावं लागत नाही. ही अक्कल आपल्या बायकांनी कधीच एकमेकींना देऊन ठेवलीय. त्या वेळी मुंबईच्या विमानातून उतरल्यावर चाकाच्या खुर्च्यांची जी रांग लागली होती, तिच्यातल्या निम्म्या आज्या सामानाच्या पट्ट्याशी पोचल्यावर टुणकन उठून बॅगा ओढायला लागल्या.

आईचं शिकागो आणि माझं नेपरव्हिल यांत मोठा फरक होता, आणि सोयी सगळ्या माझ्या वाट्याला आल्या असूनही तो आईच्या बाजूचा होता. आई जिना उतरली की रस्त्यावर येई; दुकानं, माणसं, बस, शेजारणी. माझ्याभोवती सुंदर घरं, कापलेली हिरवळ, आणि सकाळी साडेआठनंतर चिटपाखरू नाही. गाडीशिवाय पाव आणता येत नाही. कपडे बाहेर वाळत घालायला तिथल्या सोसायटीची बंदी, लख्ख ऊन पडलेलं असताना! सुती साडी ड्रायरमधून पिळा होऊन निघे. घर गरम ठेवायला खिडक्या बंद, मग फोडणीचा वास कोटांना लागतो म्हणून मासे आणि मिरच्यांचा ठेचा गॅरेजमध्ये, छोट्या इलेक्ट्रिक शेगडीवर. मी त्या गॅरेजमध्ये, कोट घालून, दोन गाड्यांच्या मधे उभी राहून बोंबील तळलेत.

फोन स्वस्त झाला होता. भारताला लावताना ०११ आणि मग ९१. सुरुवातीचं ०११ दाबायचं राहिलं आणि ९१ नंतर एक जास्त दाबला गेला, की ९११, म्हणजे पोलीस. आमच्या लेकीच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांनी पुण्याला भावाशी बोलायचं म्हणून दोनदा पोलिसांची गाडी दारात आणली. दुसऱ्या वेळी त्यांनी पोलिसाला आत बोलावून चहा दिला. वेळेचा हिशेब मात्र शिकागोकरांना सोपा: उन्हाळ्यात भारत साडेदहा तास पुढे, हिवाळ्यात साडेअकरा. मालिकांची वेळ पाठ होती, त्यावरून मी घड्याळ लावायची.

पुरुषांचं काय होई, हेही सांगायला हवं, कारण त्यांचे हाल अधिक. बाईला जन्मभर केलेलं कामच तिथे असतं. निवृत्त हेडक्लार्कला काय? सकाळी बर्फ ओढायचा, कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी कुठला ते पाठ करायचं, बाबागाडी ढकलायची. जवळच्या तळ्याकाठी एक बाक होतं. दुपारी चारला तिथे चार-पाच आजोबा जमत: एक गुंटूरचे, एक नडियादचे, एक लुधियानाचे सरदारजी, आणि आमच्या घरचे. सगळ्यांना समजेल अशी भाषा म्हणजे मोडकं हिंदी आणि शेअरबाजार. कोणाचा शिक्का कधी संपतो हे सर्वांना ठाऊक असे. एखाद्याचा व्हिजिटर विमा आधीच्या दुखण्याला पैसे देत नाही, म्हणून तो छातीत कळ आली तरी घरी बोलत नाही. ते त्या बाकावर कळे, सुनेला कळत नसे. आमच्या यजमानांनी एकाला जबरदस्तीने घरी सांगायला लावलं. त्या घराशी आमचे संबंध पुढे थोडे ताणले गेले.

शनिवार-रविवार देवळाचे आणि मंडळाचे. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं, लेमाँटचं राममंदिर १९८६ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं पहिलं अधिवेशन १९८४ साली शिकागोतच भरलेलं. मंडळाच्या गणपतीत पाहुण्या आजी-आजोबांना मान असतो. आरत्या न पाहता म्हणणारे तेच. आमच्या यजमानांना तर ओळखीपाळखीत सत्यनारायण सांगायला नेऊ लागले. इकडे जन्मात पूजेला न बसलेला माणूस, तिकडे सोवळं नेसून पोथी वाचायला लागला आणि दक्षिणेचे डॉलर, त्याच्या हयातीतली अमेरिकेतली पहिली कमाई, त्याने बायकोच्या हवाली केले. देवाची दक्षिणा ती, तिचा हिशेब व्हिसाच्या कायद्यात कुठे बसतो हे आम्ही कोणाला विचारलं नाही.

२०१३ पासून विमानाने येणाऱ्यांचं ते पांढरं कार्ड गेलं, नोंद संगणकावर राहते. महासाथीत विमानं बंद पडली तेव्हा कोणाचे सहा महिने तिकडेच संपले, कोणाची मुलगी एकटीच बाळंत झाली; १९७६ पुन्हा आलं, फरक एवढाच की आई मोबाईलच्या पडद्यावर होती. २०२२ साली मुंबईत व्हिसाच्या मुलाखतीला वर्षाहून अधिक थांबावं लागत होतं. गर्भ नऊ महिन्यांचा, तारीख त्यापुढची. काही मुलींनी लग्न ठरताच आईचा व्हिसा काढून ठेवायला सुरुवात केली. दहा वर्षांचा मिळतो, कधीतरी लागणारच.

ताई आता सत्तरीपुढे आहे, अमेरिकन नागरिक. १९८१ ला जन्मलेली तिची लेक सिअॅटलला राहते. २०२१ मध्ये तिला दुसरं मूल झालं. वॉशिंग्टन राज्याने स्वतःपुरती पगारी रजा २०२० पासून सुरू केलेली, त्यामुळे लेकीला घाई नव्हती. जावयालाही रजा होती. ताईच्या पासपोर्टात कोणाचा शिक्का नाही, राहायची मुदत नाही. मनात आणलं तर वर्षभर राहिली असती. ती तीन आठवडे राहिली. एका सकाळी तिने मला व्हिडिओ कॉल लावला, माझ्याकडे रात्र. ताई बाथटबमध्ये उतरली होती आणि बाळ मांडीवर घेऊन विचारत होती, की आई पाय जुळवून ठेवायची की मधे फट ठेवायची? चाळीस वर्षांपूर्वी ती कामावर जायची, अंघोळ तिने धड पाहिलीच नव्हती. मी सांगितलं. तिचे गुडघे सरळ होईनात. शेवटी जावयाने बाळाचा प्लास्टिकचा टब आणून दिला, त्याला बुडाशी जाळी होती, काम झालं. मी म्हटलं, आणखी महिनाभर राहा, लेकीला आराम पडेल. तर म्हणाली, परतीचं तिकीट काढलेलं आहे, आणि मंगळवारी माझा वॉटर एरोबिक्सचा वर्ग असतो, तिथे नाव घालायलाच दोन वर्षं लागली.